विहिणीला न म्हटलेली गाणी

मी हे लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि गाण्यातलं तर मला काहीच कळत नाही. सूर ओळखता येत नाही. तालावर बोट हलवलं तर ते नेमकं चुकीच्या जागी हलतं. ज्यांना यातलं कळतं त्यांनी हे पान उलटून पुढं जावं, मी त्यांची आधीच माफी मागून ठेवतो. पण कॉलेजच्या अंकाच्या संपादकांनी ‘माझी आवडती गाणी आणि ती का आवडतात’ असा विषय दिला, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “तुम्ही तुमच्याकडचं काही द्या. खेड्यातलं. गोड असतं ते.” त्या ‘गोड’ शब्दासाठी मी लिहायला बसलो आहे. मला आवडतात ती गाणी गोड नाहीत.

आमच्या कॉलेजात एक संगीत मंडळ आहे. शनिवारी दुपारी एका वर्गातले बाक मागं सरकवून सतरंजी टाकतात आणि मंडळी गोल बसतात. मला तिथं एका मित्रानं नेलं. मंडळाला चंद्र फार आवडतो. त्यांच्या गाण्यांत कुणीतरी कायम खिडकीत बसून कुणाची तरी वाट बघत असतं. त्या घरात स्वयंपाक कोण करतं, गुरांना पाणी कोण दाखवतं, हे गाण्यात कधीच येत नाही. एका मुलाचं घर कॉलेजच्या भिंतीला लागून आहे. त्याची कधी बस चुकलेली नाही, जेवणाची वेळ चुकलेली नाही. तो ‘ताटातूट’ या शब्दाला डोळे मिटतो आणि मान हलवतो. बाकीचे ‘वा’ म्हणतात. मी एकदा चुकीच्या ठिकाणी ‘वा’ म्हणालो. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडं पाहिलं, आणि मग इतक्या समजूतदारपणे दुसरीकडं पाहिलं की त्यापेक्षा ते हसले असते तर बरं झालं असतं.

एका शनिवारी प्रत्येकानं आपलं आवडतं गाणं सांगायचं ठरलं. माझी पाळी आली तेव्हा मला दुसरं काही आठवेना. माझ्या मायनं बांधलेल्या दोन ओळी मी म्हटल्या, म्हणजे नुसत्याच बोलून दाखवल्या:

आली आली विहीण, हिची चाल बघा गं
रिकाम्या गाडीची खडखड ऐका गं

मंडळाचे सर सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी विचारलं, “यातला भाव कोणता?”

मी म्हणालो, “तिरस्कार.”

“तो रस नाही,” सर म्हणाले, आणि पुढच्या मुलीकडं वळले. तिनं चंद्राचं गाणं सांगितलं.

रस किती आणि कोणते हे आधीच ठरलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं. पण तेव्हापासून मला वाटतं, की या माणसांना तिरस्कार करता येतो, तो गाता येत नाही. त्या दोन ओळींचं पुढं काय झालं, तेवढंच मला सांगायचं आहे.

आमच्याकडं लग्नात रुखवत असतं. नवरीकडच्या बाया झाकलेली टोपली डोक्यावर घेऊन जानोशाला, म्हणजे वऱ्हाड उतरलेलं असतं तिथं, जातात. टोपल्यांत करंज्या, लाडू, शेवया, एखादी विणलेली पिशवी, काय असेल ते असतं. पण बघायला गर्दी होते ती त्यासाठी नाही. टोपलीवरचं फडकं काढायच्या आधी नवरीकडच्या बाया नवऱ्याच्या आईला गाण्यातून शिव्या घालतात. तिच्या चालण्याला, तिच्या चिक्कूपणाला, तिच्या हातच्या वरणाला. आणि ती विहीण नुसती ऐकून घेत नाही. तिच्या बाया तयारच असतात, त्या तिथल्या तिथं उलट बांधून म्हणतात. ज्यांची ओळ आधी अडते त्या हरल्या. मग जिला सगळ्यात जास्त शिव्या पडल्या तिलाच पहिला लाडू भरवतात, कुंकू लावतात, आणि दोघी विहिणी पदर तोंडाला लावून हसत बसतात.

याला शिस्त असते. कुणाचं मेलेलं माणूस काढायचं नाही, अंगातल्या व्यंगावर बोलायचं नाही, मूल नसलेलीला मुलावरून बोलायचं नाही. आणि जिच्याशी नातं धरायचं नाही, तिला गाणं म्हणायचं नाही. परक्या बाईला कुणी कशाला शिवी देईल?

माझ्या मायला हे जमतं. तिच्याजवळ पाठ केलेलं काही नसतं, ती विहीण बघून बांधते. आजूबाजूच्या गावांतून तिला लग्नाला बोलावणं येतं ते आहेरासाठी नव्हे, तोंडासाठी. एका विहिणीला तिनं म्हटलं होतं,

विहिणीच्या दारी गं रांजण सात
पाहुण्याला पाणी देता आखडतो हात

ती विहीण पुढं कितीतरी वर्षं आमच्या घरी यायची आणि दारातूनच ओरडायची, “पाणी आण गं बाई, माह्या घरचं तर संपलं!” मी लहानपणी हे बघितलं आहे. म्हणून मला ही गाणी आवडतात. शहरात आल्यावर मला दुसऱ्या तऱ्हेचा तिरस्कार भेटला. “अरे वा, फुलंब्रीकडून येता? रोज? बसनं?” एवढंच. आवाज गोड, चेहरा हसरा. आमच्याकडं तिरस्कार मोठ्यानं, चालीवर, तोंडासमोर करतात, आणि म्हणून झालं की थांबून उत्तराची वाट बघतात. इथं तो हळू आवाजात करतात आणि उत्तराला जागाच ठेवत नाहीत.

माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, लग्न ठरलं ते शहरातल्या घरात. माणसं मूळची फर्दापूरकडची, शेतकरीच. पण आता शहरात उस्मानपुऱ्यात राहतात, नवरदेव सरकारी कचेरीत. नवरदेवाचे वडील अजून गावाकडं शेती बघतात, तेव्हा इथल्या घरचा कारभार त्याच्या चुलत्याच्या हातात. या चुलत्याबद्दल मला चांगलं लिहिता येणार नाही, मी प्रयत्न करून पाहिला. पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, त्यांनी उर्दूतून कारकुनी केली आणि नंतर मराठीतून. दोन्ही भाषांत त्यांना मुख्यतः ‘होय साहेब’ म्हणायला येतं. घरच्या माणसांशी मात्र ते स्वतः साहेब असल्यासारखे बोलतात.

सुपारी फोडायला ते आले तेव्हा चहा झाल्यावर त्यांनी घसा साफ केला.

“एक विनंती आहे. ती रुखवताची गाणी वगैरे नकोत.”

माझे बाबा कमी बोलतात. ते म्हणाले, “बायांचं असतंय ते. आपण काय सांगावं?”

“सांगायचं. आमच्या ऑफिसातली मंडळी येणार, साहेब येणार. त्यांच्यासमोर ते गावंढळ बरं दिसत नाही. आम्ही कर्णा लावू, चांगल्या रेकॉर्डी आणू. वातावरण कसं प्रसन्न पाहिजे.”

बाबांनी दाराकडं पाहिलं. दाराआड माय होती. मग आतून आवाज आला, “बरं.”

पाहुणे गेल्यावर माय भांडी उचलायला बाहेर आली. “त्या कर्ण्याला जेवायला पाटावर बसवायचं का पंगतीत?” तिनं विचारलं. मग चुलीजवळ जाऊन बसली. गेला महिनाभर ती दळताना, शेण टाकताना, पाणी आणताना ओळी जुळवत होती. रिकाम्या गाडीची ओळ त्यातलीच. विहीण तिनं एकदाच पाहिली होती, घर बघायला गेलो तेव्हा, आणि तिचं ते ठणठणीत चालणं तिला फार आवडलं होतं. “झकास बाई हाय,” ती म्हणाली होती, “हिला बांधायला मजा येईल.” आता ती एवढंच म्हणाली, “पोरीला तिथं नांदायचंय. ते म्हणतील तसं.”

लग्न आमच्या गावात झालं. जानोसा शाळेत दिला होता. शाळेच्या पिंपळाला कर्णा टांगलेला, आणि त्यातून कुणी सोडून गेल्याबद्दल एक माणूस रडत होता. लग्नाच्या घरात हे कुणी निवडलं असेल! मध्येच रेकॉर्ड अडकली आणि तो माणूस एकाच शब्दावर परत परत रडू लागला. चुलते साहेबांना खुर्ची देत होते. साहेबांना ऐकायला कमी येत असावं, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखेच प्रसन्न होते.

शेवटची टोपली जड होती, ती घेऊन मी बायांच्या मागं होतो. म्हणून मला आतलं दिसलं. सतरंजीवर विहीण बसली होती. पदर खोचलेला. तिच्या बाजूला तिची बहीण आणि आणखी चार-पाच बाया, सगळ्या सावरून बसलेल्या. माय आत गेली. टोपली ठेवली, हळदीकुंकू लावलं, फडकं काढलं. विहीण मायच्या तोंडाकडं बघत होती. माय खाली बघत होती. आमच्या बायाही खाली बघत होत्या. मग माय उठली आणि बाहेर आली.

मागून चुलते साहेबांना म्हणाले, “बघा, किती शांततेत झालं.”

श्रावणात पंचमीला अक्काला आणायचं होतं. पंचमीच्या झोक्यावर म्हणायची गाणी मला दुसऱ्या नंबरची आवडतात. अक्का लग्नाआधी झोक्यावर उभी राहून हेच म्हणायची, आणि म्हणता म्हणता माझ्याकडं बघून वाकडं तोंड करायची:

मुऱ्हाळी आला गं, घोडं बांधा लिंबाला
सासूबाई पुसती, कोण आलं कशाला

मुऱ्हाळी म्हणजे सासरी बहिणीला आणायला जाणारा भाऊ. गाण्यातला भाऊ घोड्यावरून जातो, त्याच्या पागोट्याचं वर्णन असतं, आणि तो कधी रिकामा परत येत नाही. मी कॉलेज सुटल्यावर उस्मानपुऱ्यात चालत गेलो. हातात वह्या आणि मायनं दिलेलं कानवल्यांचं गाठोडं. ते गाणं बांधणाऱ्या बाईला मुऱ्हाळी कधी पाठवावा लागला नसेल असं मला त्या दिवशी वाटलं.

विहीण पुढच्या खोलीत शेंगा फोडत बसली होती.

“मावशी, अक्काला न्यायला आलो. पंचमीला.”

“कोणी धाडलं?”

“मायनं.”

“बोलती का तुही माय? मला वाटलं मुकी हाय.”

अक्का आतल्या दाराशी येऊन उभी राहिली.

“अख्ख्या लग्नात एक शब्द नाय,” विहीण म्हणाली. शेंग फोडायची थांबली नव्हती. “माह्या बहिणीला मी फर्दापूरहून मुद्दाम आणली, उत्तराला. ती बिचारी तोंडातली सुपारी काढून बसली, का आता सुरू होईल, मग सुरू होईल. तुही माय आली, टोपलं ठेवलं, गेली. दुकानात पोतं टाकून जात्यात तसं. माह्या सगळ्या सोयऱ्यात झालं, हिला विहिणीनं एक शिवीसुद्धा दिली नाय. एवढी हलकी हाय का मी?”

“तसं नाही, मावशी. काकांनीच सांगितलं होतं. गाणी नकोत म्हणून. सुपारीच्या वेळी.”

तिचा हात थांबला. हे तिला ठाऊक नव्हतं, ते दिसलंच. चुलते गॅलरीत आरामखुर्चीत रेडिओ ऐकत होते. त्यांनी रेडिओ जरा मोठा केला.

“अस्सं,” विहीण म्हणाली. मला वाटलं, झालं, आता ती हसेल. पण तिनं सुपातली टरफलं झटकली. “आन् दीर सांगन आन् तुही माय ऐकन? बाई हाय का कारकून?”

गॅलरीतला रेडिओ आणखी मोठा झाला.

“रुखवताला पुरुषाचं कधी कोणी ऐकलंय का? माह्या लग्नात सासऱ्यानं काठी उगारली होती, तरी माह्या मायनं त्याच्या मिशीवर म्हटलं. नाय बाबा. जिनं मला विहीण धरलं नाय, तिच्या घरी मी सून धाडत नाय. पंचमीला नाय, दिवाळीला नाय. आन् हिचं पुढचं काय असंल ते इथं दवाखान्यात करू. चहा घे.”

पुढचं काय ते मला तेव्हा कळलं. अक्काला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी नाही म्हणजे काय, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अक्कानं मला चहा दिला. दारापर्यंत आली. “मायला सांग, मी बरी हाय,” म्हणाली, आणि मग हळूच, “झोका बांधला का रे?” मी हो म्हणालो. बांधला होता.

घरी जाऊन मी जसंच्या तसं सांगितलं. बाबा उठून गुरांकडं गेले. माय ऐकत राहिली. ‘बाई हाय का कारकून’ इथं आल्यावर तिनं मला थांबवलं.

“असं म्हणली ती? मला? कारकून?”

“हो.”

“पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हणालो. लग्न झाल्यापासून माय हसलेली मी पाहिली नव्हती. ती भिंतीला टेकून पोट धरून हसली, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मात्र हसण्याचं नव्हतं. “येतंय तिला,” ती म्हणाली. “म्हणलं नव्हतं मी, झकास बाई हाय? आन् त्या मुडद्याच्या कर्ण्यापायी...”

पण करणार काय? पोरीला मूल होईपर्यंत, सासरच्यांनी बोलावल्याशिवाय आईबापांनी तिथं पाऊलसुद्धा टाकायचं नाही. दिवाळी गेली. अक्का आली नाही. मी दर आठवड्याला उस्मानपुऱ्यात जायचो, पाच मिनिटं बसायचो. चुलते मला अभ्यासाबद्दल उपदेश करायचे. इंग्रजी पेपर वाचत जा, म्हणायचे, माणसाला संस्कृती येते. मी मान हलवायचो. त्या काळात शनिवारी मी संगीत मंडळातही जात होतो, आणि गाण्यांतल्या त्या खिडकीतल्या बाईला अजून कुणी भेटायला आलेलं नव्हतं. तिच्याबद्दल मला आता काहीच वाटत नव्हतं. जिला कुणी उलट बोलत नाही, तिच्या दुःखाचं मी काय करू?

सातव्या महिन्यात अक्काचा नवरा एकदा माझ्या कॉलेजच्या फाटकाशी सायकल घेऊन उभा दिसला. तो बरा माणूस आहे, फक्त घरात त्याला कुणी विचारत नाही. तो म्हणाला, “आईनं निरोप सांगितलाय. पाठ करून सांगायचा म्हणाली.” आणि शाळेतल्यासारखा उभा राहून त्यानं म्हटलं, “डोहाळजेवण हाय. विहिणीला म्हणावं, येणार असशील तर तोंड घेऊन ये. नायतर येऊ नको.”

“काका काय म्हणाले?”

“काका तेव्हा फुलझाडांना पाणी घालत होते,” तो म्हणाला.

मी निरोप जसाच्या तसा मायला सांगितला. दुसऱ्या दिवसापासून दळताना जात्याबरोबर तिचा आवाज परत ऐकू यायला लागला.

डोहाळजेवणाच्या दिवशी माझी परीक्षा होती. नसती तरी उपयोग नव्हता, तिथं पुरुषांना कोण आत घेणार? माय आणि गावातल्या चार बाया झाकलेली टोपली घेऊन सकाळच्या बसनं गेल्या. बाबा सोबत. मी पेपर लिहिला. काय लिहिलं ते आठवत नाही, मार्क आल्यावर इतरांनाही ते जाणवलं. दुपारनंतर स्टँडवर येऊन बसलो. गावाकडची गाडी याच फलाटावरून सुटते, तेव्हा ती सगळी इथंच येणार. हॉटेलातला रेडिओ चालू होता. हॉटेलवाला म्हणाला, “क्या भाई, पेपर खराब गया क्या?” मी म्हणालो, नाही. एक गाडी गेली. पुढची लागली. मला वाटू लागलं, की मायनं पुन्हा खाली मान घातली असेल. किंवा तिनं म्हटलं असेल आणि चुलत्यांनी मध्येच येऊन थांबवलं असेल. किंवा म्हटलं असेल, आणि इतक्या महिन्यांनी ते विहिणीला लागलं असेल. गाण्यातली शिवी वेळेवर पडली नाही तर ती नुसती शिवी उरते, हे मला त्या बाकावर बसल्यावर पहिल्यांदा कळलं, आणि मी घाबरलो.

ऊन उतरता उतरता बाबा आले. एकटे.

“माय कुठंय?”

“तिथंच.” ते बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “मी निघून आलो. लई वेळ चाललंय.”

“काय चाललंय?”

“तेच. मी बाहेर वट्ट्यावर होतो. आधी तुही माय म्हणली. ते गाडीचं.”

“आणि मग?”

बाबांनी डोकं खाजवलं. गाणं त्यांना येत नाही. तलाठ्यानं वाचून दाखवलेला कागद आठवून सांगावा तसं, चाल न लावता, त्यांनी म्हटलं:

“रिकामी गाडी माझी खडखड करी. खड्डे तुमच्या गावाचे, दोष माझ्यावरी.”

“हे कोण म्हणालं?”

“विहीण. लगेच. श्वास बी नाय घेतला. गल्लीतल्या बाया खिडक्यांत आल्या. मग चुलत्यावर दोघींनी मिळून म्हणलं. ते सांगत नाय मी तुला.”

“काका?”

“देवळात जाऊन येतो म्हणून गेले. अजून यायचेत.”

मला अक्काचं विचारायचं होतं. बाबांनीच टोपी झटकली आणि डोक्यावर ठेवली.

“पोरीला उद्या पहिल्या गाडीनं तुही माय घेऊन येती,” ते म्हणाले. “विहीण म्हणली, सून न्या, बाळंतपण करा, खुशाल करा. पण बारशाला मी बहिणीला घेऊन येते. तेव्हा उत्तर तयार ठेवा.”